दोन नेम

मराठीत ‘नेम’ हा शब्द दोन कामं करतो. गोफणीचा, बंदुकीचा, कॅरमच्या स्ट्रायकरचा, तो एक नेम. आणि चातुर्मास लागला की आजी कांदा-वांगं सोडते, तो दुसरा नेम. पहिला डोळ्यानं धरायचा, दुसरा मनानं. पहिल्यानं काय टिपायचं ते ठरतं, दुसऱ्यानं काय करायचं नाही ते ठरतं.

गेल्या डिसेंबरात टेक्सासमध्ये आतेभावाकडे मी शिकारीचं एक भयंकर ताकदीचं रिव्हॉल्व्हर चालवून पाहिलं. त्याची काडतुसंही आम्ही घरीच, हातानं भरली होती. मजा आली. खूप मजा आली, आणि हा लेख त्या मजेबद्दलच आहे. मी पंचवटीत वाढले. त्या दिवसांत जो प्रश्न माझ्या मनात घर करून बसला, तो आमच्याच बाजूच्या अरण्यात फार पूर्वी विचारला गेला आहे. कुणाशी वैर नाही, कुणाला मारायचं नाही, तरी शस्त्र जवळ बाळगलं तर ते माणसाचं काय करतं?

सीतेचं म्हणणं

पंचवटीत शिकारीची गोष्ट चुकवणं अवघड आहे. काळाराम मंदिराजवळ, सीता गुंफेच्या रांगेत उभं राहा. पाच मिनिटांत कुणीतरी कुणाला तरी सोन्याच्या हरणाची गोष्ट सांगत असतं. हरीण दिसलं, सीतेनं हट्ट धरला, राम मागे गेला, मारीच मेला, रावण आला. सहलीला आलेल्या पोरांनाही ती पाठ असते.

पण वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात, ही तिघं पंचवटीत पोचायच्या आधीच, सीता रामाशी शस्त्रांबद्दल बोलते. हा भाग आपल्या कानांवर कमी पडतो. दंडकारण्यातल्या ऋषींनी राक्षसांपासून रक्षण मागितलं आहे, रामानं शब्द दिला आहे, आणि धनुष्यबाण घेऊन सगळे पुढे निघाले आहेत. वाटेत सीता म्हणते की इच्छेपोटी माणसाच्या हातून तीन दोष घडतात : खोटं बोलणं, परस्त्रीची अभिलाषा आणि वैर नसताना क्रौर्य. पहिले दोन तुझ्यात नाहीत आणि पुढेही नसतील. मला तिसऱ्याची भीती वाटते.

मग ती एक गोष्ट सांगते. एका रानात एक सत्यवचनी तपस्वी राहत होता. त्याच्या तपात विघ्न आणायला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि आपली तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. दुसऱ्याची वस्तू हरवायला नको म्हणून तपस्वी ती सतत जवळ ठेवू लागला. कंदमुळं आणायला निघाला तरी तलवार सोबत. असं रोज. हळूहळू त्याचं मन क्रूर होत गेलं, तप सुटलं आणि शेवटी तो नरकात गेला.

या गोष्टीत तलवार मंतरलेली नाही. कुणी शाप देत नाही, तपस्व्याला शत्रू नाही, त्याला कसला राग नाही. आहे तो फक्त सहवास. सीता त्याला विस्तवाच्या सहवासाची उपमा देते. विस्तवाजवळ ठेवलेली वस्तू जशी होती तशी राहत नाही.

ही गोष्ट मला पूर्वीपासून माहीत होती. खरं सांगायचं तर ती मला थोडी भाबडी वाटायची. वस्तू ती वस्तू, वापरणारा चांगला की वाईट एवढंच महत्त्वाचं, असं आपण सगळेच म्हणतो.

दारूचा अड्डा

दादा ऑस्टिनला राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, वीसेक वर्षं झाली तिकडे. त्याच्या गॅरेजमध्ये एका भक्कम टेबलावर काडतुसं भरायचं प्रेस बसवलेलं आहे. वहिनी त्या कोपऱ्याला ‘दारूचा अड्डा’ म्हणते. मराठीत पिण्याची आणि उडवण्याची दारू एकाच नावाची असल्यामुळे हा विनोद तिला दर पाहुण्यापुढे करता येतो.

अमेरिकेत व्हिसावर फिरायला आलेल्या माणसाला बंदूक नुसती हातात घ्यायची तरी साधारणपणे बंदी आहे. कायद्यानं जे मोजके अपवाद ठेवले आहेत, त्यातला एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना. म्हणून मला कागदाच्या ताटलीवर गोळी मारण्यासाठी पाच दिवसांचा शिकारीचा परवाना काढावा लागला. त्या परवान्यावर हरीण मारता येत नाही. पण त्यावर माझं नाव होतं आणि मी शिकारी असल्याचं लिहिलं होतं. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “घरात माळकरी आजोबा होते हे लक्षात आहे ना?”

काडतूस भरणं म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा इवलासा प्राइमर, आत दारू आणि तोंडाला गोळी. गोळी झाडली की पुंगळी जागेवर उरते. कारखान्याचं काडतूस वापरणारे ती टाकून देतात, हातानं भरणारे गोळा करतात. आधी पुंगळी घासून स्वच्छ करायची. मग प्रेसमधल्या साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, कारण स्फोटानं ती किंचित फुगलेली असते. त्याच वेळी जुना प्राइमर बाहेर पडतो. नवा बसवायचा, पुंगळीचं तोंड जरा उमलवायचं, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीची कड गोळीवर आत वळवायची, म्हणजे धक्क्यानं गोळी हलत नाही.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्या सराफांची गुंज १२० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन ग्रेनची. नाशिकच्या सराफ बाजारात जुने सोनार ज्या एकाग्रतेनं काट्याकडे पाहायचे, त्याच एकाग्रतेनं दादा पाहत होता. बोलायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा, गाणी नाहीत. माप छापील पुस्तकातलंच घ्यायचं, आणि तेही खालच्या टोकाकडून सुरुवात करून. स्वतःचा अंदाज चालवायचा नाही.

याचं कारण साधं आहे. काही प्रकारची दारू इतकी कमी लागते की चुकून दोनदा घातली तरी पुंगळीत मावते, आणि मग रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं. उलट दारू घालायची राहूनच गेली, तर नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते आणि तिच्यामागून येणारी पुढची गोळी तोच अनर्थ करते. म्हणून गोळ्या बसवण्याआधी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या ओळीनं उभ्या करून प्रत्येकीत टॉर्च मारून पाहायचं. मी पाहिलं. पन्नास छोट्या विहिरी, सगळ्यांचं पाणी एका पातळीला.

भिंतीवर दादाच्या हातची चिठ्ठी होती. मराठीत. ‘५० यार्डांपलीकडे नाही. पळत्यावर नाही. मागे काय आहे ते दिसत नसेल तर नाही.’

डबीवर त्यानं तारीख, दारूचं वजन आणि आमच्या दोघांची आद्याक्षरं लिहिली. मला ते आवडलं. माझ्या रोजच्या वापरातल्या कुठल्याच वस्तूवर ती करणाऱ्याचं नाव नसतं. पुण्याजवळच्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. तिथे पाळीवर जाणाऱ्या माणसाला आपल्या हातून गेलेली गोळी कुठे पोचली ते कधीच कळत नाही, आणि तिचा जाबही कुणी त्याला विचारत नाही. या पन्नास गोळ्यांचं तसं नव्हतं. त्यांचं जे काही होईल त्याला कर्ते होते.

आपल्याकडे हे असं घरी बसून करता येत नाही हेही सांगून ठेवते. परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. आणि शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जवळजवळ मिटवला आहे.

पंधरा ग्रॅम

रिव्हॉल्व्हर होतं रुगर कंपनीचं सुपर ब्लॅकहॉक. हे मॉडेल १९५९ पासून निघतं. लांब नळी, वजन सव्वा किलोच्या वर. कमरेला लपवून न्यायची ही चीज नाही. चक्रात सहा घरं. दर वेळी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबता येतो. काडतुसंही बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक करून भरायची आणि एकेक करून काढायची. घाई करणाऱ्यासाठी हे यंत्र नाहीच.

काडतूस होतं ४४ मॅग्नम. ‘डर्टी हॅरी’ हा १९७१ चा सिनेमा पाहिला असेल तर नाव ओळखीचं वाटेल. या काडतुसाचा जन्मच हातानं भरणाऱ्यांमुळे झाला. आयडाहोमधला एल्मर कीथ नावाचा गुरंवाला आणि लेखक वर्षानुवर्षं जुन्या ४४ स्पेशलच्या पुंगळीत जास्त दारू भरून प्रयोग करत होता आणि कंपन्यांच्या मागे लागला होता. १९५५-५६ च्या सुमारास रेमिंग्टननं काडतूस आणि स्मिथ अँड वेसननं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नवी पुंगळी मुद्दाम तीनेक मिलिमीटर लांब केली, कारण ती जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसताच कामा नये. मला हे तीन मिलिमीटर फार आवडले. कुणाच्या तरी चुकीचा आधीच विचार करून ठेवलेली ती जागा आहे.

गोळी पंधरा ग्रॅमच्या थोडी वर. वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या पुढे. पोलिसांकडे असतं त्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीहून ऊर्जा अडीच-तीनपट.

ऑस्टिनच्या पश्चिमेला टेकड्यांचा प्रदेश आहे. चुनखडीचे दगड, बुटके ओक, सीडरची झुडपं. तिथे दादा आणि त्याचे मित्र शिकारीसाठी जमीन भाड्यानं घेतात. मातीच्या उंच बांधासमोर पंचवीस यार्डांवर कागदी ताटली लावली. कानांत बोळे, वर हेडफोनसारखी कानटोपी, डोळ्यांवर चष्मा. आधी त्यानं हलकी भरलेली सहा काडतुसं दिली. मग आमच्या डबीतलं एक. फक्त एकच, बाकीची पाच घरं रिकामी.

घोडा ओढला. चाप दाबला.

आवाज कानांना कमी आणि छातीला जास्त लागला. रिव्हॉल्व्हर मागे येण्याऐवजी मुठीत फिरून वर गेलं, नळी आभाळाकडे. चापाभोवतीची चौकोनी कडी मधल्या बोटाच्या पेरावर आपटली. तळहात झिणझिणत होता. आणि मी हसत होते. मोठ्यानं, दात दाखवून.

दुसरी गोळी ताटलीच्या बाहेर. तिसरी आत. सहावी मधोमध. त्या क्षणी जे वाटलं त्याला मी अभिमान म्हणणार नाही. इतकी ताकद आपल्या हातात मावते, आपण म्हणू तिथे जाते, हे कळल्याची ती नशा होती. परत आल्यावर हात साबणानं दोनदा धुतले, कारण शिशाचा अंश बोटांवर राहतो.

ताकद आणि दया

रात्री जेवताना मी दादाला विचारलं, एवढी ताकद कशाला? हरीण काही गेंडा नव्हे.

तो म्हणाला, “कमी ताकदीची गोळीच जास्त क्रूर असते. नीट न लागलेलं जनावर झुडपात जाऊन रात्रभर मरत राहतं. मला ते नको आहे. गोळी हृदयात-फुप्फुसात आरपार गेली की काही सेकंदांत संपतं.”

शिकारीच्या नीतीतला हा जुना मुद्दा आहे आणि तो पोकळ नाही. मारायचंच असेल तर पटकन मारण्यात दया आहे, आणि पटकन मारायला ताकद लागते. ताकद आणि दया एका बाजूला येण्याची वेळ आयुष्यात क्वचितच येते, ही त्यातली एक.

पण मग मी विचारलं, रायफल का नाही? रायफलनं दोनशे यार्डांवरूनही खात्रीनं मारता येतं. रिव्हॉल्व्हर घेऊन पन्नास यार्डांच्या आत जायचं, हात थरथरायची शक्यता वाढवायची, आणि मग त्या अडचणीवर उपाय म्हणून ताकद वाढवायची, हे कोडं आपणच घालून आपणच सोडवल्यासारखं नाही का?

दादा जरा थांबला. म्हणाला, “सोपं झालं की मन लागत नाही.”

हे प्रामाणिक उत्तर होतं, आणि अडचणही नेमकी तिथे आहे. अवघड वाट निवडण्यात एक सौंदर्य आहे. गिर्यारोहक ते करतात, रियाज करणारे ते करतात. पण तिथे अडचणीची किंमत स्वतः मोजायची असते. शिकारीत ती दुसरंच कुणी मोजतं. माझ्या खेळाचे नियम हरणानं मान्य केलेले नाहीत. त्याला खेळ चालू आहे हेच माहीत नाही.

यावर दादाकडे प्रत्युत्तर होतं, आणि तेही मला सोडवत नाही. “तू कॉलेज रोडला बिर्याणी खातेस ना? ती कोंबडी कुणी मारली, माहिती आहे?” नाही माहीत. त्याच्या फ्रीजरमधल्या मांसाचा तो कर्ता आहे, माझ्या ताटातल्या मांसाला कर्ताच नाही. या हिशेबात तो माझ्यापेक्षा सरळ आहे. फक्त एवढंच म्हणेन की जबाबदारी घेतल्यानं कृत्य प्रामाणिक होतं, योग्य होतंच असं नाही. डबीवर आद्याक्षरं लिहिली म्हणजे आतल्या गोळ्या निरुपद्रवी झाल्या, असं थोडंच आहे.

नजर

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याबरोबर गेले. नुसती बघायला. चार खांबांवर उभं केलेलं लाकडी खोकं, आपण ज्याला मचाण म्हणू तसं. थंडी, काळोख, फ्लास्कमधला चहा. उजाडल्यावर एक नर आला. चाळीसेक यार्डांवर, आडवा उभा, मान खाली. दादानं रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीवर टेकवलं. अंगठा घोड्यावर होता.

त्यानं घोडा ओढलाच नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. नर चरत होता. मग तो दोन पावलं पुढे झाला आणि सावकाश झुडपांत गेला. त्याच्या मागे, अगदी त्याच रेषेत, एक मादी उभी होती. मला ती आधी दिसलीच नव्हती. “गोळी आरपार जाते,” दादा कुजबुजला. बस.

आता मुद्द्याचं सांगते. त्या दोन मिनिटांत माझ्या मनात एकच शब्द होता : मार. मार ना. मी, माळकरी आजोबांची नात, कागदी ताटलीपुरता परवाना घेतलेली. हरणाशी वैर नाही, मांसाची गरज नाही, वेळ घालवायला दुसरं काही नाही असंही नाही. तरी ते हरीण निघून गेलं तेव्हा मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आणि परतताना हायवेच्या कडेला चरणारी हरणं दिसली, तेव्हा डोळा आपोआप अंतर मोजायला लागला. तीस यार्ड. साठ. हे लांब आहे. हे आडवं आहे.

फक्त दोन दिवसांत. सीतेच्या तपस्व्याला तरी पुष्कळ काळ मिळाला होता.

शस्त्र हाताला बिघडवतं असं आपण समजतो, पण ते पहिल्यांदा नजरेत शिरतं. हात तसाच राहतो, सभ्य, साबणानं धुतलेला. जग मात्र दोन भागांत विभागलं जातं : टप्प्यात असलेलं आणि टप्प्याबाहेरचं. तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे, त्याच्या कॅमेऱ्यानं हे तुमच्या बाबतीत केलंच आहे. समोर जेवण आलं की ते ‘घेण्यासारखं’ आहे की नाही, हे भुकेच्या आधी ठरतं. फोननं कुणी मरत नाही म्हणून तो बदल आपल्याला दिसत नाही, एवढंच.

कौशल्याचंही तेच. दशरथाला शब्दवेध येत होता. न पाहता, नुसत्या आवाजावर बाण मारण्याची ती विद्या. शरयूच्या काठी रात्री घागर बुडल्याचा आवाज आला आणि त्यानं हत्ती समजून बाण सोडला. बंदूक शिकवताना जो नियम घोकून घेतात, की लक्ष्य काय आणि त्याच्या पलीकडे काय हे नक्की पाहा, तो त्यानं मोडला. वैर नव्हतं. विद्या अंगात होती आणि तिला वाट हवी होती. एका मुलाचा जीव गेला.

आणि ज्या सीतेनं तलवारीची गोष्ट सांगितली, तिनंच पुढे पंचवटीत हरीण मागितलं. जिवंत धरता आलं तर तसं, नाहीतर त्याचं कातडं तरी. तिला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. उलट मला ती इथे सगळ्यात खरी वाटते. धोका आधी ओळखणारं माणूसही सुंदर गोष्ट टप्प्यात आली की तसंच वागतं.

शब्द कुणाला दिला

मग शस्त्र नकोच, असं म्हणायचं का? माझं उत्तर तसं नाही.

राहीनं, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिच्याही हातात वर्षानुवर्षं शस्त्र आहे. पण खेळात लक्ष्य आधीच ठरलेलं असतं, खेळाडूनं ते निवडायचं नसतं. नजरेला भटकायला जागाच नसते.

कोकणातल्या शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक असते. उभ्या भातात रानडुकरं शिरली की वर्षाचं पोट जातं. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पिकांची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही मारायला अटींवर परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तो याच अडचणीतून. त्याचंही डुकराशी वैर नाही. पण त्याची बंदूक शेताला बांधलेली आहे.

नाशिकच्या इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध शस्त्रही पिस्तूलच आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडलं. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली. त्या कृत्याबद्दल शंभर वर्षं वाद घालता आला, कारण तिथे निदान वाद घालण्यासारखा हेतू होता, समोर शत्रू मानलेला माणूस होता. सीतेचा प्रश्न त्याच्या अगदी उलट्या टोकाचा आहे. जिथे शत्रूच नाही, कारणही नाही, नुसती वस्तू आणि वेळ आहे, तिथला तो प्रश्न आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाचा.

रामानं सीतेला दिलेलं उत्तर आता मला वेगळं दिसतं. तो म्हणत नाही की मी चांगला आहे, माझं काही बिघडणार नाही. तो म्हणतो, मी ऋषींना शब्द दिला आहे, आणि प्राण गेला तरी तो मोडता येणार नाही. त्याचं शस्त्र त्यानं स्वतःच्या चांगुलपणाच्या भरवशावर ठेवलेलं नाही, दिलेल्या शब्दाला बांधलं आहे.

पण थांबा, तपस्व्यानंही शब्दच दिला होता. ठेव सांभाळीन, हा शब्द. तो त्यानं तंतोतंत पाळला, आणि पाळता पाळताच बिघडला. म्हणजे नुसता शब्द असणं पुरत नाही. रामाचा शब्द माणसांना होता, ज्यांचा जीव धोक्यात होता त्यांना. तपस्व्याचा शब्द अखेरीस तलवारीलाच होता. ती जवळ असावी, एवढाच त्याचा नेम. वस्तूच्या दिमतीला लागलेलं माणूस हळूहळू वस्तूसारखं बघायला लागतं.

शस्त्र हातात घेणाऱ्याला विचारायचा प्रश्न म्हणून मला हाच योग्य वाटतो. तू चांगला आहेस का, तुला नीट चालवता येतं का, हे नंतर. आधी सांग, तुझा शब्द कुणाला दिलेला आहे? दादाच्या भिंतीवरच्या चिठ्ठीत तीन ओळी आहेत आणि तिन्ही ‘नाही’नं संपतात. हा शब्द त्यानं हरणाला दिलेला आहे. मागे उभ्या असलेल्या, मला न दिसलेल्या मादीला दिलेला आहे. शिकार करावी की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही, होणारही नाही. पण त्या पहाटे माझ्या नजरेत फक्त पहिला नेम होता. त्याच्याकडे दोन्ही होते, आणि दुसरा आधी होता.

मी पुन्हा ते रिव्हॉल्व्हर चालवीन का? कागदावर, हो. आनंदानं. काडतुसंही भरीन, टॉर्च मारून पन्नासही विहिरी पाहीन. हरणावर नाही. हात कापेल म्हणून नव्हे, तो बहुधा कापणार नाही. पण ज्याच्यासाठी ते हरीण मरायला हवं, असा शब्द मी कुणालाच दिलेला नाही. भूक, शेत, धोक्यात असलेलं कुणी, यातलं काहीच माझ्या मागे उभं नाही. मागे उभी आहे ती फक्त त्या पहिल्या गोळीनंतरच्या हसण्याची ओढ. ते हसू खरं होतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण तेवढ्यासाठी कुणाला तरी टप्प्यात उभं करणं, याचंच नाव सीतेनं केव्हाच सांगून ठेवलं आहे : वैर नसताना क्रौर्य.